पॉवर वाढवून भागणार नाही, आधी डिश कुठं बघतेय ते पाहा

नमस्कार. आकडे दिलेत म्हणून उत्तर देता येतंय. नाहीतर "नेट स्लो आहे, काय करू" एवढ्यावर काय सांगणार!

तुमचा मामला मला समजला तो असा. सोलापुरात पूर्व भागात घर, तिथं ५० एमबीपीएसचं फायबर. अक्कलकोट रोडच्या अंगाला सहा किलोमीटरवर शेतातली वस्ती. घराच्या गच्चीवर एक आणि वस्तीवरच्या पाइपवर एक अशा २५ डीबीआयच्या (डीबीआय म्हणजे डिश सिग्नल किती एकवटते त्याचं माप) दोन डिश लावून घरचं नेट वस्तीवर नेणारी वायरलेस लिंक तुम्ही स्वतःच जोडलीत. सकाळी ४० मिळतात, संध्याकाळी सातनंतर तीन-चार, आणि पिंग (पाकीट जाऊन यायला लागणारा वेळ) ३०० मिलिसेकंदांच्या वर. म्हणून तुम्ही पॉवर फुल्ल म्हणजे २५ डीबीएम (ताकदीचं माप) केली, चॅनेल विड्थ, म्हणजे वापरायच्या पट्ट्याची रुंदी, २० मेगाहर्ट्झची ८० केली, फ्रिक्वेन्सी ऑटोवर टाकली. सिग्नल उणे ६८ झाला (उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला; रेडिओचे दोन वेगळे मार्ग असतात, त्यांना चेन म्हणतात, त्यातली एक उणे ६९, दुसरी उणे ७८), स्पीड मात्र जिथल्या तिथं. त्यात भर म्हणजे वस्तीवरचे मोबाइल अधूनमधून "कनेक्टेड, नो इंटरनेट" दाखवतात आणि दिवसातून एखाद वेळी लिंक मिनिटभर गायब होते. आणि शेवटी विचारलंत, अजून मोठी डिश घेऊ का?

घेऊ नका. आहे ती डिश भरपूर आहे. तुमच्याकडे एक बिघाड नाही, तीन आहेत, आणि ते एकमेकांच्या आड लपलेत. त्यातल्या पहिल्याचा पुरावा तुमच्याच आकड्यांत आहे.

एक साधा हिशेब करू. ५.८ गिगाहर्ट्झला सहा किलोमीटरच्या मोकळ्या हवेत सुमारे १२३ डीबी जातात. रेडिओचे, म्हणजे डिशमागच्या यंत्राचे, २५, या डिशचे २५, त्या डिशचे २५, झाले ७५. त्यातून १२३ वजा केले की राहतात उणे ४८. कनेक्टर, पिगटेल (छोटी जोडकेबल) यात एक-दोन गेले असं धरून उणे ५० म्हणा. तुम्हाला दिसतंय उणे ६८. म्हणजे १८ डीबी वाटेतच गेले. १८ डीबी म्हणजे ताकदीच्या भाषेत साठपट. एवढी तूट पॉवर कमी पडल्यामुळे होत नाही. एकतर मध्ये काहीतरी आडवं आहे, नाहीतर डिश भलतीकडं बघतेय.

माझा कौल डिशकडे. कारण दोन चेनमधला नऊचा फरक. सरळ समोर बघणाऱ्या डिशमध्ये दोन्ही चेन दोन-तीन डीबीच्या आत असतात. डिशचा मुख्य झोत असतो तसे बाजूला छोटे झोतही असतात, त्यांना साइड लोब म्हणतात. मुख्य झोतापेक्षा ते पंधरा-वीस डीबी कमजोर असतात, आणि त्यांत दोन्ही चेन सारख्या पडत नाहीत. तुमची लिंक बहुतेक अशाच बाजूच्या झोतावर अडकलीय.

हे कसं होतं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि पहिल्या वर्षी मीही त्यात फसलोय. एका डाळिंबाच्या बागेत पोरगा पाइपवर चढलेला, मी खाली लॅपटॉप घेऊन. तो डिश केसभर हलवायचा, मी आकडा ओरडायचो. "पंच्याहत्तर... बहात्तर... सत्तर... अडुसष्ट... बहात्तर झालं, मागं घे." मागं घेतलं, अडुसष्टला नट आवळला, चहा प्यायला, घरी आलो. आठवड्यानं तक्रार आली. परत गेलो आणि या खेपेला बहात्तरला थांबलो नाही, तसंच पुढं फिरवू दिलं. बहात्तर, अठ्ठ्याहत्तर, मग लिंकच तुटली. पोरगा वरून म्हणाला, "काका, गेलं की ओ." म्हटलं, फिरव अजून. आणि एकदम त्रेपन्न. अडुसष्टचा आम्ही जो डोंगर समजत होतो तो पायथ्याचा उंचवटा होता.

म्हणून अलाइनमेंट करताना आकडा वाढून कमी झाला की तिथंच थांबायचं नाही. डावीकडून उजवीकडं पूर्ण झाडा घ्यायचा, आकडा वाईट होऊ द्यायचा, तुटू द्यायचा, पुन्हा दिसला तर बघायचा. अशा तीन टेकड्या सापडल्या तर मधली आपली. मग तसंच वर-खाली. आणि एका वेळी एकच टोक हलवायचं, दोन्हीकडं दोघं एकदम लागले की कुणाच्या हलवण्यानं काय झालं ते देवालाच कळतं. नट आवळताना डिश किंचित वर उचलली जाते, तेव्हा आवळून झाल्यावर आकडा पुन्हा वाचा.

आडवं काही असेल का? तेही बघावं लागेल आणि ते जागेवरच कळेल. नुसतं समोरचं टोक दुर्बिणीतून दिसलं म्हणजे झालं असं नाही. लहरींना दोन्ही बाजूंनी ऐसपैस जागा लागते, फ्रेनेल झोन म्हणतात तिला. सहा किलोमीटरच्या लिंकला बरोबर मध्यावर तिची त्रिज्या सुमारे पावणेनऊ मीटर येते आणि त्यातला साठ टक्के भाग तरी मोकळा हवा. म्हणजे मध्ये लिंबाचं झाड असेल तर त्याच्या शेंड्यापासून सव्वापाच मीटर वरून तुमची रेषा गेली पाहिजे. ऊस सहसा एवढा नडत नाही, बांधावरची सुबाभळ नडते. पण एक लक्षात घ्या, झाड सकाळी आणि संध्याकाळी सारखंच आडवं असतं. त्याचा त्रास पाऊस पडल्यावर, पालवी फुटल्यावर वाढतो, सात वाजले म्हणून वाढत नाही. संध्याकाळचं दुखणं वेगळं आहे.

त्याआधी पॉवरबद्दल एक गोष्ट बोलून टाकतो, कारण ती कुणी सांगत नाही. २०१८ साली सरकारनं ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला केला, म्हणूनच तुम्ही-आम्ही अशा लिंक लावू शकतो. पण खुला म्हणजे मोकाट नाही. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झमध्ये मर्यादा आहे ३६ डीबीएमची, म्हणजे ४ वॅटची, आणि ती रेडिओ आणि डिश मिळून धरायची. २५ डीबीआयच्या डिशला रेडिओतून ११ डीबीएम एवढंच बसतं. तुम्ही ठेवलेत २५. एकूण ५० होतात, मर्यादेच्या पंचवीसपट. रेडिओत देश "इंडिया" निवडला आणि डिशचा गेन खरा भरला की बहुतेक यंत्रं आपोआप आवरतात. तुमचं आवरलं नाही, याचा अर्थ देश तरी दुसरा टाकलाय किंवा गेन शून्य भरलाय.

आता मजा बघा. डिश नीट लावली आणि पॉवर ११ वर आणली तर हिशेबानं सिग्नल येतो उणे ६२ ते ६४. आजच्या फुल्ल पॉवरपेक्षा चार ते सहा डीबी चांगला. शिवाय रेडिओ शेवटच्या दमापर्यंत ताणला की त्याची लहर बिघडते आणि वरचे मॉड्युलेशन (लहरीत जास्त माहिती कोंबायच्या वेगवान पद्धती) टिकत नाहीत. कर्णा फुल्ल आवाजावर ठेवला की शब्द फाटतात, तसंच.

(जाता जाता, शेजारच्या वस्तीला महिन्याला दोनशे-तीनशे घेऊन जोडणी द्यायचा मोह होईल. तो धंदा झाला, त्याला परवाना लागतो.)

आता संध्याकाळ. तुम्ही फक्त वस्तीकडचे आकडे पाठवलेत. मला घराच्या गच्चीवरच्या रेडिओचे हवेत, तेही रात्री आठ-साडेआठचे. माळावर रेडिओला ऐकू येणारा गोंगाट कमी असतो. पूर्व भागात गच्चीला गच्ची लागून, प्रत्येक घरात राउटर, वर चार कंपन्यांच्या डिश. संध्याकाळी कारखाने सुटतात, माणसं घरी येतात, सगळ्यांचे मोबाइल-टीव्ही चालू होतात, आणि तो सगळा कालवा तुमच्या गच्चीवरच्या डिशच्या कानात जातो. आता तुम्ही म्हणाल, मी तर वस्तीवर डाउनलोड करतोय, गच्चीवरचा गोंगाट मला काय करणार? करतो. वस्तीनं प्रत्येक पाकिटाला "मिळालं" म्हणून पोच द्यायची असते आणि ती पोच गच्चीवर ऐकू जावी लागते. नाही गेली की गच्ची तेच पाकीट पुन्हा पाठवते, मग पुन्हा. वस्तीवरचा सिग्नल झकास दिसतो आणि स्पीड रांगत असतो.

म्हणून नुसत्या सिग्नलकडं बघून निर्णय घेऊ नका. सिग्नल आणि नॉईज (गोंगाट) यांतलं अंतर बघा, दोन्ही टोकांना, आणि त्रास होतो त्याच वेळेला. उणे ६८ सिग्नल आणि उणे ८४ नॉईज असेल तर अंतर फक्त १६. त्यावर मधलं मॉड्युलेशनही कसंबसं टिकतं. वरच्या मॉड्युलेशनला तिशीच्या आसपास अंतर लागतं. पंचवीसच्या वर राहिलं तरी तुमचं काम आरामात होईल.

हे अंतर वाढवायचा फुकटचा उपाय तुम्ही उलटा केलात. विड्थ ८० केलीत. चॅनेल जितका रुंद तितका गोंगाट जास्त आत येतो. दुप्पट रुंदीला ३ डीबी, म्हणजे २० वरून ८० वर जाताना तुम्ही स्वतःच्या हातानं ६ डीबी घालवलेत. आणि कशासाठी? घरी फायबर ५०चं आहे. विहिरीला पाणी तेवढंच, मग पाइप चार इंची टाकून काय उपसणार? दोन चेनच्या साध्या रेडिओला २० मेगाहर्ट्झमध्ये कागदावर १३०-१४४ एमबीपीएस मिळतात, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहून थोडे जास्तच. तुमच्या ५०ला पुरून उरतात. शिवाय ५७२५ ते ५८७५ हा पट्टाच मुळात १५० मेगाहर्ट्झचा. ८०चा चॅनेल टाकला की निम्म्याहून जास्त पट्टा तुम्ही व्यापला, कुणाचा ना कुणाचा धक्का लागणारच. २०चा टाकला तर सात जागांमधून शांत जागा निवडता येते.

निवडायची कशी? रेडिओत स्पेक्ट्रम बघायची सोय असते, ती रात्री आठ वाजता गच्चीवरच्या टोकाला चालवा. त्या वेळात लिंक तुटेल, घरच्यांना आधी सांगून ठेवा. दहा मिनिटं चालू द्या, कारण काही गोंगाट थांबून थांबून येतो. मग वस्तीकडं तसंच. दोन्हीकडं बऱ्यापैकी रिकामी असलेली जागा घ्या. दोघांचं जमेना तर गच्चीचं ऐका, तिथं गर्दी जास्त आहे.

आणि फ्रिक्वेन्सी ऑटोवर ठेवू नका, पक्की करा. तुमची लिंक मिनिटभर गायब होते त्याचं कारण बहुतेक यातच आहे. ऑटोवर रेडिओ ५४७० ते ५७२५ मध्येही उडी मारतो. त्या भागात रडारला मान द्यावा लागतो. रडारसारखा ठोका ऐकू आला की रेडिओ जागा सोडतो, नव्या जागी गेल्यावर आधी ६० सेकंद गप्प बसून ऐकतो, मग बोलतो. हाच तुमचा गायब झालेला मिनिट. हवामानाची सी-बँड रडारं साधारण ५६०० ते ५६५०च्या दरम्यान बोलतात, आणि ही सोलापूरकरांसाठी पुस्तकातली गोष्ट नाही. २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा ढगांवर बीजन करण्याचा प्रयोग इथूनच चालला होता आणि त्यासाठी असंच रडार सोलापुरात बसवलं होतं. रेडिओच्या लॉगमध्ये "रडार डिटेक्टेड" किंवा "डीएफएस" (रडारला जागा देण्याच्या नियमाचं नाव) शोधा. सापडलं तर शंका मिटली. नाही सापडलं तर मग वीज किंवा केबल.

अंतराची सेटिंगही बघा. ऑटो असेल आणि रेडिओ दोन-तीन किलोमीटर धरून बसला असेल तर पोच यायच्या आधीच तो "आली नाही" म्हणून पुन्हा पाठवायला लागतो. सहा किलोमीटरला जाऊन यायला ४० मायक्रोसेकंद लागतात. हातानं साडेसहा-सात टाका.

आता तिसरा बिघाड, "कनेक्टेड, नो इंटरनेट". याचा रेडिओशी काही संबंध नाही. तुम्ही लिहिलंत की वस्तीवर दुसरा राउटर आहे, त्याची केबल लॅन पोर्टात लावलीय आणि "सेटिंग काही केलं नाही". म्हणजे घरचा राउटर १९२.१६८.१.१ आणि वस्तीवरचाही १९२.१६८.१.१. दोघंही डीएचसीपीनं, म्हणजे मोबाइलला आपोआप पत्ता द्यायच्या सोयीनं, पत्ते वाटतात. मोबाइल आला की आधी जो हाक मारेल त्याचा पत्ता तो घेतो, आणि बाहेरचा दरवाजा म्हणून दोघंही तोच १९२.१६८.१.१ सांगतात. त्या दरवाज्यावर घरच्यानं ओ दिली तर नेट चालतं. वस्तीवरच्यानं दिली तर त्या दरवाज्याच्या पलीकडं भिंत आहे. बंद-चालू केल्यावर कधी कधी चालतं ते याचमुळं, नशिबाचा भाग. एका गावात दोन पोस्टमन झालेत आणि दोघांनी घरांना आपापले नंबर दिलेत.

उपाय दोन आहेत, आणि तुम्हाला काय हवं त्यावर निवड ठरते. वस्तीवरचे कॅमेरे, प्रिंटर घरून सरळ दिसावेत असं असेल तर सगळं एकच जाळं ठेवा. दोन्ही रेडिओ ब्रिज मोडमध्ये (म्हणजे नुसत्या केबलसारखे), त्यांचे पत्ते पक्के, समजा १९२.१६८.१.२० आणि १९२.१६८.१.२१, गेटवे, म्हणजे बाहेरचा दरवाजा, घरचा राउटर. वस्तीवरच्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी बंद करा, केबल लॅन पोर्टातच राहू द्या. घरच्या राउटरला डीएचसीपी .१०० पासून पुढं वाटायला सांगा म्हणजे पक्क्या पत्त्यांशी भांडण नको. दुसरा उपाय, वस्ती वेगळी ठेवायची असेल, गड्यांचे मोबाइल घरच्या जाळ्यात नको असतील, तर केबल वॅन (बाहेरचं नेट घ्यायच्या) पोर्टात लावा आणि वस्तीला वेगळा पट्टा द्या, १९२.१६८.२०.१ वगैरे. मग घरून कॅमेरे बघायला थोडी जास्त खटपट पडेल. मी तुमच्या जागी असतो तर पहिला पर्याय घेतला असता.

ज्यांचा पीपीपीओई डायल (कंपनीच्या युजरनेम-पासवर्डचं लॉगिन) घरच्या राउटरवर नसून लांबच्या टोकाला होतो, त्यांच्यासाठी एक ओळ. काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात असं झालं तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२ आहे का ते बघा. विंडोजमध्ये पिंगला -एफ -एल १४६४ देऊन तपासता येतं. १४६४ जाऊन १४६५ अडत असेल तर ठीक आहे. १४६४ही अडलं तर वाटेत कुठंतरी पाकीट कापलं जातंय.

हे सगळं करताना क्रम पाळा. आज रात्री आठ वाजता काहीही न बदलता वस्तीवरून तीन पिंग एकदम चालू करा, एक गच्चीवरच्या रेडिओला, एक घरच्या राउटरला, एक बाहेर ८.८.८.८ला (गूगलचा सर्व्हर). गच्चीच्या रेडिओलाच ३०० येत असेल तर दोष हवेत. तिथं पाच-दहा आणि बाहेर ३०० असेल तर दोष फायबरकडचा किंवा तुमच्याच घरात कुणीतरी व्हिडिओ अपलोड करतंय, आणि मग वर लिहिलेलं निम्मं तुम्हाला लागू नाही. हवेत असेल तर आधी अलाइनमेंट, मग पॉवर ११, मग विड्थ २०, मग फ्रिक्वेन्सी. प्रत्येक बदलानंतर एक संध्याकाळ जाऊ द्या आणि वहीत आकडे लिहा. डीएचसीपीचं काम मात्र आजच करा, त्याला कशाची वाट बघायची गरज नाही.

आणि बदल करताना आधी लांबचं टोक, मग जवळचं. मी एकदा रात्री अकरा वाजता घरबसल्या चॅनेल बदलला. जवळच्या टोकाला, कारण तेच समोर उघडं होतं. पलीकडच्या रेडिओच्या स्कॅन लिस्टमध्ये मीच कधीतरी तीनच फ्रिक्वेन्सी भरून ठेवलेल्या, नवी त्यात नव्हती. तो बिचारा रात्रभर जुन्या तीन जागांवर हाका मारत बसला आणि मी पहाटे पाचला मोटारसायकलवर. विड्थ आणि पासवर्डचंही तसंच. यंत्रात "टेस्ट" किंवा "सेफ मोड" असेल तर तो वापरा, ठरल्या वेळात तुम्ही होकार दिला नाही तर जुनं सेटिंग परत येतं.

केबलचं थोडक्यात. गच्चीवर चढाल तेव्हा रेडिओच्या पानावर लॅन स्पीड बघा. १० दाखवत असेल तर क्रिम्पिंग गेलंय. केबल निव्वळ तांब्याची हवी, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती लांबीवर व्होल्टेज खाते आणि दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तुटते. पीओईचा (नेटच्या केबलमधूनच वीज देणारा) ॲडॉप्टर वस्तीवर पत्र्याखाली ठेवलेला असेल तर खाली भिंतीला आणा. मे महिन्यात आपल्याकडं बाहेर ४३-४४ असतं, पत्र्याखाली किती होत असेल ते तुम्हाला माहीतच आहे. ॲडॉप्टर बदलताना व्होल्टेज वाचून घ्या, २४चा रेडिओ ४८ला लावला की धूरच. वस्तीवरच्या पाइपला अर्थिंग करा, वळवाच्या विजा माळावरचा सगळ्यात उंच पाइप बरोबर शोधतात.

गच्चीवरच्या टोकाचे रात्री आठचे सिग्नल, नॉईज आणि दोन्ही चेनचे आकडे, शिवाय त्या तीन पिंगचे निकाल इथंच टाका. वस्तीवरच्या पाइपची उंची आणि मध्ये कुठं झाडांची रांग आहे तेही लिहा. डिश फिरवताना उणे पन्नासच्या आसपासचा आकडा सापडला नाही, तर मग फ्रेनेलचा हिशेब तुमच्या जागेसाठी मांडून बघू.